आमची वाटचाल: भिंतीवरची डिपरची रेघ

गाड्यांच्या वायरिंगचं आणि हेडलाइटचं दुकान सुरू केलं तेव्हा आम्ही दोघं होतो. मी वायरिंग बघायचो, भागीदार गिऱ्हाईक आणि हिशेब. दोघांनी मिळून घेतलेलं पहिलं हत्यार म्हणजे रॅचेटवाला क्रिम्पिंगचा चिमटा, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवायचं हत्यार. टर्मिनल पूर्ण दाबलं गेल्याशिवाय तो सुटतच नाही, त्यामुळे घाईत अर्धवट काम करायची सोयच नाही. साध्या पकडीने दाबलेलं टर्मिनल दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. ज्यांनी जुन्या ट्रकची वायरिंग उघडली आहे त्यांना हा हिरवा रंग माहीत आहे.

मधली काही वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते एच ४ च्या, म्हणजे अपर आणि डिपर अशा दोन तारा एकाच बल्बमध्ये असलेल्या हॅलोजनच्या, होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब आले तेव्हाचं.

भागीदाराने एक खोकं आणलं. म्हणाला, "जुना बल्ब काढ, हा लाव, दहा मिनिटांचं काम. लख्ख उजेड." आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे अण्णा. त्यांची गाडी तेव्हा दुकानातच होती. मी एका बाजूला हॅलोजन ठेवला, दुसऱ्या बाजूला तो बल्ब घातला आणि गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीला खडूची एक रेघ आणि तिच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी, ही आमची पहिल्या दिवसापासूनची पद्धत. हॅलोजनचा डिपर, म्हणजे खाली झुकवलेला उजेड, खालच्या रेघेवर सुरीने कापल्यासारखा थांबला. एलईडीचा उजेड दोन्ही रेघा ओलांडून छतापर्यंत गेला. अण्णांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत हा जाणार. माझ्या गाडीला नको."

कारण साधं आहे. एच ४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडणारा उजेड अडवते आणि त्यातूनच कटऑफ, म्हणजे उजेडाची वरची ठळक कड, तयार होतो. रिफ्लेक्टरची सगळी घडण त्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. तिथे दोन चपट्या बाजूंवर चिप असलेला बल्ब घातला की तारेची ती जागाच राहत नाही. लख्ख दिसतं ते गाडीच्या पुढ्यात, लांबचं उलट कमी दिसतं. काही देशांत आता ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यासाठी अशा बल्बना मान्यता मिळते, पण आपली गाडी आणि दिवा त्या मान्यतेत लिहिलेले असायला हवेत. खोक्यावर काय छापलंय त्याला अर्थ नाही.

मी ते बल्ब विकायला नकार दिला. महिनाभरात भागीदार बाहेर पडला आणि आमच्या समोरच्याच गाळ्यात दुकान टाकलं. जाताना चिमटा घेऊन गेला. बाहेर सांगायचा की याला नवीन काही जमत नाही. आठ महिने आमच्याकडे शुकशुकाट होता आणि त्याच्या दारात गाड्यांची रांग. दोन पोरांना दुसरीकडे काम बघा म्हणून सांगावं लागलं. बॅटरी चार्जर विकला. नव्याने भागीदारीत पडणाऱ्यांना एवढंच सांगतो, कुठलं हत्यार कुणाचं ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पैशाचा हिशेब सगळे लिहितात, हत्यारांचा कुणी लिहीत नाही.

त्या दिवसांत अण्णा मात्र येत राहिले. त्यांच्या २४ व्होल्टच्या गाडीत उजेड मंद होता, बल्ब नवा असूनही. मी इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर लावला. बॅटरीवर २७.६, बल्बच्या टर्मिनलवर २४.४. तीन व्होल्ट जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत जळत होते. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनव्या घाताने बदलतो, म्हणजे एवढ्याशा घसरणीत एक तृतीयांश उजेड गेला. लोक यावर जास्त वॅटचा बल्ब घालतात. तो रस्त्यावर कायद्याने चालत नाहीच, वर होल्डर वितळतो आणि घसरण आणखी वाढते.

आम्ही मध्ये रिले घातला, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुनी वायर फक्त त्याच्या ८५-८६ नंबरच्या टर्मिनलला दिली. ३० वर बॅटरीतून फ्यूज घालून थेट जाड वायर, ८७ वरून बल्ब. रिले २४ व्होल्टचाच. दोन्ही बाजूंना वेगळा फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी रात्री दोन्ही दिवे एकदम जाणार नाहीत. अर्थसाठी चेसिसचा रंग खरवडून लख्ख धातूवर बोल्ट. रिफ्लेक्टर काळवंडला होता, म्हणून मान्यतेच्या खुणेचा पूर्ण दिवा नवा घातला. बल्ब तोच ७५/७० वॅटचा. टर्मिनलवर २७.२ आले. अण्णा रात्री फेरी मारून आले आणि काही न बोलता दुसऱ्या गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

एलईडी हवाच असेल त्यांना मी पूर्ण मान्यताप्राप्त दिवाच देतो. घेताना काच वाचा. गोलातलं ई आणि शेजारचा आकडा ही मान्यतेची खूण. दिव्यासमोर उभं राहून बाण उजवीकडे दिसला तर तो डाव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्यासाठी, बाणच नसेल तर उजव्या बाजूच्या. चुकीचा घातला तर रस्त्याची कड दिसावी म्हणून वर चढवलेली कटऑफची बाजू नेमकी समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाते, आणि हे पासिंगच्या वेळी कळून उपयोग नाही.

पुढे पासिंगला नापास झालेल्या गाड्या एकेक करून आमच्याकडे यायला लागल्या. बल्बसाठी मूळ होल्डर कापून टाकलेले, जोडावर नुसती टेप गुंडाळलेली. आधी वायरिंग दुरुस्त करायची, मग दिवे, मग भिंतीसमोर लावायची. दोन्ही पोरं परत आली, चार्जरही नवा घेतला.

समोरच्या दुकानात बसवलेले दिवे आजही आमच्या भिंतीसमोर येतात. आमच्या ड्रायव्हरांना ती दुसरी रेघ आता तोंडपाठ आहे. भागीदार स्वतः मात्र एकदाही आला नाही, आणि चिमटा अजून त्याच्याकडेच आहे.