लेमन बार: सगळं अडतं ते वरच्या थरापाशी

लेमन बार म्हणजे खाली बिस्किटासारखा थर आणि वर लिंबू-अंड्याचा मऊ थर असलेली भाजलेली वडी. तिच्या पाककृतींत वरच्या थरासाठी 'पंचवीस मिनिटं भाजा' एवढं लिहून मोकळे होतात, याचा मला अजूनही राग येतो. बार बिघडतात ते नेमके याच पायरीवर.

खालचा थर सोपा. आठ इंची चौकोनी टिनसाठी 180 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम पिठीसाखर, 120 ग्रॅम थंड बटर, चिमूटभर मीठ. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बटर ओट्यावर ठेवलं की पाझरायलाच लागतं, म्हणून फ्रीजमधून काढून लगेच मैद्यात चोळायचं. टिनमध्ये घट्ट दाबून 170 अंशांवर वीसेक मिनिटं, कडा बदामी होईपर्यंत. चमचाभर कच्चं पीठ बाजूला ठेवा. भाजल्यावर भेग दिसली तर तिथे लिंपायला कामी येतं.

वरच्या थराला 3 अंडी, 220 ग्रॅम साखर, 25 ग्रॅम मैदा आणि 90 मिली रस. परदेशी पाककृतींत रस 120 मिलीपर्यंत असतो, पण तो मोठ्या पिवळ्या लेमनचा. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, तेवढा रस घातला तर दात आंबतात. त्याची सालही पातळ, किसणी जरा दाबली की पांढरा भाग येतो आणि कडवटपणा उतरतो. दोन लिंबांची साल हलक्या हाताने किसून साखरेत बोटांनी चोळा, वास छान मुरतो. अंडी फक्त मोडून एकजीव करा. फेस झाला तर वर पांढरी पापडी धरते.

आता खरी अडचण. मिश्रण गरम थरावरच ओतायचं, म्हणून ते आधी तयार हवं. थर गार झाला की मिश्रण चटकन धरत नाही, भेगांतून खाली झिरपतं आणि बार तळाशी गिच्च होतात. मग ओटीजी (घरगुती विजेचा छोटा ओव्हन) 150 वर. बटणावर 150 असलं तरी आत 175 असू शकतं. आत ठेवायचा थर्मामीटर मी सगळ्यांना घ्यायला सांगते. आच जास्त झाली की अंडं आवळतं, पाणी सोडतं, वर तडे जातात. पंधराव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी टिन हलकेच हलवा. कडा बसलेल्या आणि मधला भाग ताज्या खरवसासारखा थरथरणारा दिसला की बंद. मध्यभागी लाट उठत असेल तर अजून कच्चं आहे. सुरी खुपसून बघू नका, ती कोरडी निघेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर बरंच काम होतं; वीज आली की पुन्हा हलवून बघा.

अंड्याचा पदार्थ आपल्याकडच्या उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर नको. जाळीवर, पंख्याखाली कोमट होऊ द्या, मग फ्रीजमध्ये किमान चार तास. कोमट असतानाच झाकलं तर वाफेचं पाणी वर पडून डाग उठतात. चार तासांआधी कापलं तर सुरीला सगळं चिकटणार. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून दर वेळी पुसा. पिठीसाखर अगदी वाढताना भुरभुरा, आधी घातली की विरघळून जाते.

आणि हो, टिन ॲल्युमिनियमचा असेल तर बटर पेपर कडांच्या वर येईल असा लावा. लिंबाचा रस धातूला लागला की बारला धातूची चव येते, आणि पेपर धरून अख्खी वडी उचलताही येते.