बंद पडलेल्या स्टेशनचं काय एवढं?

मंडळाच्या गणपतीला माझी गाडी बघून कुणीतरी हमखास विचारतं, "अहो, हे १०४.१ चं स्टिकर अजून कशाला ठेवलंय? ते रेडिओ स्टेशन तर कधीच बंद पडलं ना?" इतकी वर्षं मी "असंच" म्हणून वेळ मारून नेली. यंदा नुकत्याच बॉस्टनला आलेल्या एका मुलीनं नीट थांबून विचारलं. तिला निम्मं सांगून होतंय तोच आरती सुरू झाली. उरलेलं इथे लिहिते.

मी लग्न होऊन इथे आले १९९१ साली. पहिली नोकरी एका प्रयोगशाळेत, रात्रपाळीची. तिथल्या कपाटावर एक रेडिओ होता, कायम १०४.१ वर लावलेला. स्टेशनचं नाव डब्ल्यूबीसीएन. सुरुवातीला मला त्या गाण्यांतलं काही म्हणजे काही कळत नसे, पण मधे बोलणारी माणसं आवडायला लागली. पहाटे पाळी संपत आली की चार्ल्स लॅक्विडाराचा 'बिग मॅट्रेस' हा सकाळचा कार्यक्रम सुरू व्हायचा. समोर बसून गप्पा मारणाऱ्या शेजाऱ्यासारखा तो बोलायचा. नव्या गावात मला नावानं ओळखणारं कुणी नव्हतं, तेव्हा त्या आवाजाची मोठी सोबत होती.

माझ्या पाळीवरच्या एक वयस्कर बाई या स्टेशनच्या अगदी सुरुवातीपासूनच्या श्रोत्या. इतिहास कळला तो आधी त्यांच्याकडून, मग मीच मिळेल ते वाचत गेले. बीसीएन म्हणजे बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क. १९५८ मध्ये सुरू झालं तेव्हा ते पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं स्टेशन होतं, आणि पैशांची कायम ओढाताण. शहरात 'बॉस्टन टी पार्टी' नावाचा रॉकचा क्लब चालवणारा रे रिपेन हा वकील मालकांना म्हणाला, रात्रीची वेळ आम्हाला देऊन बघा. १५ मार्च १९६८ च्या रात्री जो रॉजर्स नावाच्या तरुणानं 'मिसिसिपी हॅरॉल्ड विल्सन' हे टोपणनाव घेऊन क्रीम या बँडचं 'आय फील फ्री' लावलं. थोड्याच दिवसांत रात्रीचं रॉक दिवसभर वाजायला लागलं.

त्या काळी एएमवर, म्हणजे रेडिओच्या जुन्या पट्ट्यावर, ठरलेली, तीन-तीन मिनिटांची लोकप्रिय गाणी फिरून फिरून वाजत. इथे निवेदक स्वतः कपाटातून तबकडी काढायचा. ब्लूजमागे जॅझ, त्यामागे वीस मिनिटांचं एखादं गाणं, त्याला वाटेल ते. रात्रभर बोलणारा पीटर वुल्फ पुढे जे. गाइल्स बँडचा गायक म्हणून गाजला. मॅक्सॅन सार्टोरी या निवेदिकेनं १९७७ मध्ये द कार्स या स्थानिक बँडची साधी नमुन्याची टेप वाजवली. लोक तेच गाणं पुन्हा पुन्हा मागायला लागले आणि त्या पोरांना रेकॉर्ड कंपनी मिळाली. गावातल्या पोरांना गावातलंच स्टेशन हात देतं, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि स्टेशनचं चुकलं की श्रोते थेट दारात. एकदा एका निवेदनात टायपिंग येणाऱ्या मुलींना 'चिक', म्हणजे कोंबडीचं पिल्लू, म्हटलं गेलं. पोरींना उद्देशून वापरायचा तो तिथला उडाणटप्पू शब्द. स्त्री-मुक्तीवाल्या बायका खरीखुरी पिल्लं घेऊन आल्या आणि स्टेशनात सोडली! मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

पण स्टिकरचं खरं कारण १९७९ चं आहे.

त्या फेब्रुवारीत स्टेशन नव्या मालकांकडे गेलं आणि त्यांनी आल्या आल्या १९ जणांना काढून टाकलं. निवेदक, बातम्यांची माणसं, ऑफिसातली माणसं, सगळे मिळून संपावर गेले. स्टुडिओ तेव्हा प्रुडेन्शियल टॉवरच्या पन्नासाव्या मजल्यावर होता. ऐन थंडीत ही माणसं खाली रस्त्यावर उभी. श्रोते त्यांच्या बाजूनं उभे राहिले, जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या, बँडनी संपाच्या मदतीसाठी कार्यक्रम केले. सुमारे तीन आठवड्यांत मालकांनी हात टेकले. काढलेल्या सगळ्यांना परत घेतलं.

त्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी हातातली नळी खाली ठेवली. माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाख माणसं बाहेर पडली होती, कायम कामगारांच्या जागी रोजंदारीवर येणारे बदलीवालेसुद्धा. तो संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, आणि बाबाही गिरणीत परत गेले नाहीत. आईनं खानावळीचे डबे सुरू केले, त्यावर आमची शिक्षणं झाली. संप करून माणसं पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही ज्या रेडिओखाली मी रोज काम करत होते त्याच्याबद्दल.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मालक मोठे होत गेले, कोणती गाणी लागतील हे वरून ठरायला लागलं. १९९६ मध्ये सकाळच्या वेळेला न्यूयॉर्कहून हॉवर्ड स्टर्न या निवेदकाचा कार्यक्रम आला आणि माझा शेजारी लॅक्विडारा दुसऱ्या स्टेशनवर गेला. मी ते अजून माफ केलेलं नाही. ऑगस्ट २००९ मध्ये डब्ल्यूबीसीएन १०४.१ वरून गेलं.

बाबा एकदाच इथे आले होते, १९९८ च्या उन्हाळ्यात. त्यांना प्रुडेन्शियलपाशी नेलं, वर बोट दाखवलं, सगळी हकीकत सांगितली. ते बराच वेळ मान वर करून मजले मोजत राहिले. मग विचारलं,

"सगळ्यांना घेतलं परत? बदलीवाल्यांना पण?"

"सगळ्यांना, बाबा."

स्टिकर त्यांनी लावलंय. खिशातल्या रुमालानं आधी काच पुसून घेतली होती.