ब्रेक दाबला की विझणारा दिवा

मागच्या गाडीवाल्याला आपण लांबून दिसावं, एवढ्यासाठी मी घरी बांधलेल्या कॅम्पिंग ट्रेलरला मागे दोन जादा लाल दिवे लावले. लावून झाल्यावर कळलं की उजवा दिवा ब्रेक दाबला की विझतो. मागच्याने सावध व्हायचं नेमकं तेव्हाच! पुढचे 3 रविवार त्या एका दिव्यापायी गेले. अजून आठवलं तरी चिडायला होतं, कारण चूक अगदी फालतू निघाली आणि ती माझ्याच हातून घडलेली होती.

ट्रेलर म्हणजे खाली लोखंडी चॅसी (सांगाडा), वर प्लायवूडची खोली, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. मूळचे बल्बचे दिवे मडगार्डवर, गुडघ्याच्या उंचीला. मागे सायकली अडकवल्या की ते अर्धे झाकायचे, उरलेले चिखलाने. म्हणून वरच्या दोन कोपऱ्यांत एलईडी घ्यायचे ठरवले. फक्त पार्किंगच्या तारेवर. इंडिकेटरला मी मुद्दाम हात लावला नाही; तिथे बल्ब काढून एलईडी घातला तर करंट इतका कमी जातो की पुष्कळ गाड्यांना बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने फडफडायला लागतो.

बसवायचं काम एका सकाळीत झालं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. दिवे मागच्या उघडणाऱ्या दारावर लावू नका, बाजूच्या पक्क्या भिंतीवर लावा. दार वर उचललं की त्यावरचे दिवे आभाळाला दिसतात, आणि बिजागरीपाशी रोज वाकून तार आतून तुटते ती वेगळीच. भोक पाडायच्या आधी दिव्यांची उंची आणि कडेपासूनचं अंतर तुमच्याकडच्या नियमात बसतं का ते बघून घ्या. पत्र्याला पडलेलं भोक परत बुजत नाही.

तर संध्याकाळी मुलाला गाडीत बसवलं आणि मी मागे उभा राहिलो. पार्किंग लावली, चारही दिवे लागले. छाती फुगली. मग म्हटलं, ब्रेक दाब.

"दाबलाय, बाबा."

उजवा वरचा दिवा गेला.

"सोड." आला. "दाब." गेला. उजवा इंडिकेटर लावला तर हा त्याच्या उलट लुकलुकायला लागला. तो पेटला की हा विझतो, तो विझला की हा पेटतो. डावा मात्र शांत.

पहिला संशय अर्थातच नव्या दिव्यावर. माल खराब म्हणून डावा-उजवा बदलून लावले. बिघाड दिव्याबरोबर डावीकडे गेला नाही, उजवीकडेच राहिला. खरं तर हे उत्तराचं अर्धं होतं, पण माझं डोकं तापलेलं. मग ट्रेलरचे दिवे गाडीला जोडणाऱ्या प्लगच्या पिना घासल्या. मग सगळे जोड कापून नव्याने क्रिंप केले, म्हणजे पकडीने दाबून बसवले. ज्याला विचारावं तो एकच सांगे: "अर्थ बघ." अर्थ म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट, इथे चॅसीच्या लोखंडातून. आणि मी दर वेळी तोऱ्यात उत्तर द्यायचो की बघितलाय. मल्टिमीटर बीपवर, म्हणजे जोड सलग असला की वाजणाऱ्या खुणेवर ठेवून दिव्याचा बोल्ट ते चॅसी तपासलं होतं, मस्त बीप वाजत होती.

त्या बीपने मला 2 रविवार फसवलं. मीटर तपासताना अगदी नाममात्र करंट सोडतो. मध्ये 5 ओहमचा अडथळा असला तरी तो बिनदिक्कत वाजतो. पण 21 वॉटचा ब्रेकचा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपियर मागतो, आणि एवढा करंट जायचा म्हटल्यावर तेच 5 ओहम भिंतीसारखे आडवे येतात.

तिसऱ्या रविवारी मीटर व्होल्टवर घेतला. काळी पिन गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लांब तार जोडून, लाल पिन उजव्या जुन्या दिव्याच्या अर्थच्या बोल्टवर. दिवे बंद असताना शून्य. मुलाने ब्रेक दाबला आणि आकडा 6 च्या आसपास गेला. जिथे शून्याच्या जवळपास काहीतरी असायला हवं, तिथे 6! बोल्टला बोट लावलं तर तो कोमट झाला होता.

एकदम उलगडलं. नव्या दिव्याची निगेटिव्ह तार मी सोय म्हणून याच बोल्टला दिली होती. ब्रेकचा करंट तिथे तुंबला की बोल्टचं व्होल्टेज वर उचललं जातं, आणि 12 मधले 6 गेल्यावर एलईडीला उरतात 6. लाल एलईडी एकामागे एक 3 जोडलेले असतात आणि प्रत्येकाला साधारण 2 व्होल्ट लागतात, त्यामुळे तो सरळ मान टाकतो. बल्ब तसा मरत नाही, नुसता मंद होतो. उजवा ब्रेकचा दिवा कित्येक महिने मंदच होता, आणि मी धूळ समजून त्याची काच पुसत होतो. नव्या दिव्याने काही बिघडवलं नव्हतं, त्याने चहाडी केली होती.

आणि तो 5 ओहम आला कुठून? मीच चॅसीला कौतुकाने रंगाचे 2 हात दिले होते आणि दिव्याची पट्टी त्या रंगावरच आवळली होती. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम अर्थ मिळत होता, पुढे गंज चढला आणि तेवढाही गेला.

आधी खात्री करून घेतली. दोन टोकांना चिमटे असलेली तार, एक चिमटा त्या बोल्टवर, दुसरा प्लगच्या अर्थवर. दिवा ढिम्म हलला नाही, ब्रेक दाबा नाहीतर नाचा. हा प्रयोग मिनिटभराचा आहे; पहिल्याच संध्याकाळी केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

मग चॅसीचा नादच सोडला. प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थची तार, सगळ्या ट्रेलर ओढायच्या दांड्यापाशी एका ठिकाणी आणल्या आणि तिथून अडीच चौरस मिलीमीटरची जाड तार थेट प्लगला. त्या एका ठिकाणी रंग चकचकीत होईपर्यंत घासून चॅसीही जोडली, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून रंग मारला. गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या गोळ्यावर अर्थसाठी विसंबू नका, तो ग्रीसमध्ये बुडालेला असतो.

प्लगवरून आठवलं. सात पिनांच्या जुन्या गोल प्लगमध्ये 3 नंबरची पांढरी तार अर्थची असते. काळी असते 7 नंबरवर, डाव्या पार्किंगची. दिव्यांची निगेटिव्ह तार मात्र बहुतेक काळीच येते. काळ्याला काळी जोडलीत तर दोन्हीकडे 12 व्होल्ट येऊन दिवा लागणारच नाही. मी जोडायच्या बेतात होतो.

आणखी एक, भोकाबद्दल. प्लायवूडच्या कापलेल्या कडेला तार घालण्याआधी इपॉक्सी लावा, नाहीतर पाणी आत झिरपून लाकूड फुगतं. सिरका मारल्यासारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याच्या जोडांजवळ नको, ते धातू खातं. तार आत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळातूनच टपकून जातं.

नव्या तारेनंतर उजव्या बाजूचा आकडा 0.1 च्या आत आला. सहज म्हणून डावीकडची जुनी अर्थ जोडणी मोजली, जी कधीच तक्रार करत नव्हती. तिथे ब्रेक दाबल्यावर 0.9 दिसले.