तुम्ही विचारलंत म्हणून: छतावरच्या जुन्या एसीत गॅस भरावा की तो बदलावा?

बेळगाव-निपाणीकडून जुन्या मोटरहोमबद्दल, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीबद्दल, हा प्रश्न हमखास येतो. छतावरचा एसी चालतो, पण गार करत नाही. गॅस भरावा की नवाच बसवावा?

आधी आतलं झाकण काढा. गार हवेचा कप्पा आणि परतीच्या हवेचा कप्पा यांमधला फोम सुटला असेल, तर गार हवा गाडीत न येता तशीच परत कॉइलवर जाते. कॉइल बर्फ धरते आणि बिचाऱ्या गॅसवर आळ येतो. फट ॲल्युमिनियम फॉइल टेपनं बंद करा, कॉइल धुवा, मग आत शिरणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. 9 ते 12 अंशांचा फरक असेल तर युनिट ठीक आहे. खानापुरातल्या पावसाळी दमट हवेत फरक थोडा कमीच दिसतो.

गॅस खरोखर गेला असेल तर मात्र भरत बसू नका. बहुतेक रूफटॉप युनिटना सर्व्हिस व्हॉल्व्हच नसतो. पाइप टोचून गॅस भरला की गळायला आणखी एक जागा झाली.

नवं युनिट घेण्याआधी छताचं भोक मोजा. अमेरिकन मापाचं 14 इंच चौरस, युरोपियन 40 सेंटिमीटर. भोकाच्या कडेचं जुनं मॅस्टिक (फटी बुजवायचा चिकट लेप) प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा आणि कडेच्या लाकडात आरी टोचून बघा. आरी सहज घुसली तर लाकूड कुजलंय. ते आधी बदला, कारण वर पस्तीस-चाळीस किलो वजन बसणार आहे. चार बोल्ट आलटूनपालटून, समोरासमोरचे आवळा. युनिट आणि छत यांमधलं, पाणी अडवणारं इंचभर जाडीचं गॅस्केट अर्ध्या इंचावर आलं की थांबा. त्याहून जास्त आवळलं तर छत दबतं, तिथं पाणी साचतं आणि चोर्ला घाटातल्या पहिल्याच सरीला गादी भिजते. गॅस्केटखाली सिलिकॉन लावू नका. आठ-पंधरा दिवस गाडी चालवून बोल्ट पुन्हा तपासा.

खरी गोम विजेची. एक टनाचा साधा रूफटॉप चालताना 1300 ते 1500 वॅट घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. उन्हाळ्यात अथणी-रायबागकडं मळ्यात प्लग लावला आणि पंप सुरू असले, तर व्होल्टेज पडून कॉम्प्रेसर नुसता हूं करतो नि ट्रिप होतो. सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावला तर सुरुवातीचा झटका कमी होतो. मुळात पडलेलं व्होल्टेज तो वाढवत नाही. जनरेटर घेतानाही थोडा मोठा घ्या, बेळगावच्या साडेसातशे मीटर उंचीवर त्याची ताकद सात-आठ टक्के घटते.

बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा एसी हवा असेल तर वायरवर पैसे वाचवू नका. साठ अँपिअर, पाच मीटर अंतर, 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर: जाऊन-येऊन साधारण 0.65 व्होल्ट वाटेतच जातात. 35 ची घ्या, फ्यूज बॅटरीलगत बसवा. दोनशे अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सातशे वॅटवर जेमतेम तीन-साडेतीन तास पुरते, रात्रभर नाही.

घरचा स्प्लिट स्वस्त पडतो, हे खरं. पण त्याचे फ्लेअर जोड (तांब्याच्या पाइपचं तोंड पसरवून नटानं आवळलेले जोड) भिंतीवर राहण्यासाठी केलेले असतात. खड्ड्यांच्या हादऱ्यानं नट ढिले होतात, तांबं चिरतं. बसवायचाच असेल तर पाइपला एक वेटोळं द्या आणि दर फूटभर रबरी क्लॅम्प लावा.