घोड्यात बसवलेलं लाकूड

परवा आजोबांनी बंदूक स्वतः तयार करून माझ्या हातात दिली. मी नेम धरला, चाप ओढला. नुसतं 'खट्' झालं, आणि नळीचं तोंड चांगलं वीतभर खाली गेलं. घोड्याच्या (चाप ओढला की आपटणारा बंदुकीचा भाग) जबड्यात चकमकीऐवजी त्यांनी लाकडाचा तुकडा आवळला होता. बार उडालाच नव्हता, तरी मी दचकलो होतो.

इथे पेन्सिल्व्हेनियात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम असतो, फक्त चकमकीच्या ठासणीच्या (तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकांसाठी. १९७४ पासून तो चालू आहे. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब रायफलींचा अभिमान इथे घरोघरी आहे. शेजारचे हे आजोबा (मी त्यांना आजोबाच म्हणतो) त्यातलेच. परक्या माणसाला दर शनिवारी चार तास शिकवतात, आणि पैशाचं नाव काढलं की रागावतात.

आधुनिक बंदुकीत चाप ओढला की गोळी गेलीच. इथे घोडा पडतो, चकमक पोलादावर घासते, पोलादाचे तापलेले कण ठिणग्या होऊन रंजकात, म्हणजे नळीबाहेरच्या वाटीतल्या बारीक दारूत, पडतात, रंजक भडकते, तिची धग कानातून (नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून) आत जाते, मग बार. हे सगळं पापणी लवण्याइतक्या वेळात होतं, पण त्या वेळात डोळ्यासमोर जाळ उठतो आणि मान आपोआप वळते. नेम तिथेच जातो. आजोबा म्हणतात, बार झाल्यावरही माशी (नेम धरायची नळीच्या टोकावरची खूण) निशाणावर दिसली पाहिजे; मनात 'एक, दोन' म्हण, मगच डोकं उचल.

रंजक किती घालायची याचंही मला नवल वाटलं. जास्त घातली तर बार लवकर होईल असं वाटतं, पण होतं उलटं. कान रंजकाने बुजला की ती वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो. कान मोकळा हवा, रंजक त्याच्याखाली थोडीच. बार झालाच नाही तर नळी निशाणाकडेच धरून मिनिटभर थांबायचं, यात मात्र सूट नाही.

गुळगुळीत नळीच्या बंदुकीला सहसा मागची माशी नसते, तिथे आपला डोळाच मागची माशी. गाल दस्त्यावर दरवेळी त्याच जागी टेकला नाही तर गोळी भरकटते.

घरचे फोनवर विचारतात, "तिकडे जाऊन बंदुका कशाला?" मामांकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होतीच ना? ती टोपीची होती (चकमकीऐवजी छोट्या स्फोटक टोपीने पेटणारी), पण दारू, गोळी, गज तेच. आणि 'रंजक' हा आपलाच शब्द आहे. तो आजोबांना सांगितला, तर त्यांनी तीनदा म्हणून पाहिला. मामांनी आम्हा पोरांना ती बंदूक कधी हातात घेऊ दिली नाही, शिकवणं तर दूरच. त्यांचंही बरोबर होतं, घरात लहान मुलं होती.

लाकूड लावून मी पंचवीस वेळा चाप ओढला. मग आजोबांनी खरी चकमक चामड्यात धरून आवळली, नळीतून ओलं फडकं फिरवलं आणि गोळी ठासली. पन्नास यार्डांवर पहिली गोळी काळ्या वर्तुळाच्या काठाला लागली. दुसरी तिच्या शेजारी, दोन बोटांवर.