तुम्ही विचारलंत म्हणून: कोरियात किती जणांना ख्रिस्ती केलं?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. आमच्या मंडळीतले लोक उपासना सुटल्यावर "सलाम" म्हणत हात हातात घेतात आणि कौतुकानं विचारतात. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई विचारतात तेव्हा स्वर जरा जपून असतो. दोघांनाही मी एकच उत्तर देते: एकालाही नाही. मंडळीतल्यांचा चेहरा पडतो, बँकेतल्या बाईंना ते खरं वाटत नाही. मग दोन वर्षं तिथं केलंस तरी काय, हा पुढचा प्रश्न दोघांचाही सारखाच.

मुळात नगरच्या पोरीनं जाऊन ख्रिस्त सांगावा अशी कोरियाला काही गरज नव्हती. आमच्या नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ साली. अंडरवूड आणि अपेन्झेलर हे दोन पाद्री इंचॉनच्या बंदरात उतरले ते ५ एप्रिल १८८५ला, ईस्टरच्या दिवशी. म्हणजे वयानं आम्ही पन्नास वर्षांनी थोरले. पण २०१५च्या जनगणनेत तिथं दर पाचांतला जवळपास एक माणूस प्रॉटेस्टंट निघाला, कॅथलिक वेगळेच. माझ्या खोलीच्या खिडकीतून रात्री लाल निऑनचे अकरा क्रूस दिसायचे. मी मोजले होते, झोप येत नसे तेव्हा.

मला बोलावलं होतं ते हिंदीसाठी. सोलच्या चार नंबरच्या लोकलनं दक्षिणेकडं गेलं की आन्सान लागतं. बाजूला बानवॉल आणि शिह्वाचे कारखाने. कोरिया २००४पासून ठरावीक देशांशी करार करून कामगार आणतो. त्या यादीत भारत नाही, पण नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तान आहेत. या तिघांशीही मोडक्यातोडक्या हिंदीत बोलता येतं. रविवारी दुपारी चर्चच्या तळमजल्यावर फुकट दवाखाना चाले. मी डॉक्टर आणि रुग्णाच्या मधे बसायची. कुणाचं बोट प्रेस मशीनखाली आलेलं, कुणाची पाठ धरलेली, आणि एक पोरगा दर रविवारी येऊन पोट दुखतं म्हणायचा. त्याचं पोट दुखत नव्हतं. त्याला कुणीतरी "कसा आहेस" म्हणून विचारायला हवं होतं, आणि डॉक्टर ते विचारायचे.

बाकी सहा दिवस मी स्वयंपाकघरात. तिथं रविवारची उपासना झाली की सगळी मंडळी एकत्र जेवते, दोन-अडीचशे माणूस. ते स्वयंपाकघर चालवत होत्या एक ग्वॉन्सा-निम. ग्वॉन्सा म्हणजे मंडळीतल्या वडीलधाऱ्या, मानाच्या बाई. 'निम' म्हणजे आपला 'जी'. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, आणि मुळा असा चिरायच्या की प्रत्येक चकती सारखी.

पहाटे पाचला प्रार्थना असे. पाळक पुढं उभे राहून म्हणायचे, "जुयो!" म्हणजे प्रभो. सगळे तीनदा ओरडायचे आणि मग प्रत्येक जण आपापली प्रार्थना मोठ्यानं, एकाच वेळी. पहिल्या दिवशी मला वाटलं, आग लागली. आठवड्याभरात त्यातली सोय कळली. त्या गलक्यात मी मराठीत काहीही बोलू शकत होते. देवाशी भांडू शकत होते, आईची आठवण काढू शकत होते, कुणाला काही समजत नव्हतं. इतकी मोकळी प्रार्थना मी नगरला कधी केली नव्हती आणि आता परत करायला जमतही नाही.

भाषा म्हणाल तर मराठी माणसाला कोरियन वाटतं तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येतं, प्रत्यय नामाला चिकटतात, आणि वडलांना अप्पाच म्हणतात. गोंधळ एका शब्दानं केला. भाताला, जेवणाला ते 'बाप' म्हणतात. "स्वर्गीय बापा" म्हणत वाढलेल्या मला भेटेल तो माणूस विचारणार, बाप खाल्लास का? तिथं "कशी आहेस"च्या जागी हेच विचारतात. आपल्याकडं "जेवलीस का" म्हणतो तसं.

खरी फजिती झाली ती तू-तुम्हीमुळं. कोरियनमध्ये मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचा शेवट बदलतो. बरोबरीच्यांशी आणि लहानांशी बोलायची ती 'बानमल'. माझी अर्धी कोरियन मी आमच्या नेपाळी पोरांकडून उचलली होती आणि त्यांनी ती फोरमनकडून. फोरमन त्यांच्याशी दुसरं काय बोलणार? एका रविवारी भात लागायची वेळ आली, रांग दारापर्यंत गेली, आणि मी ग्वॉन्सा-निमना म्हणाले, "प्पाल्ली हे!" म्हणजे, आटप लवकर. स्वयंपाकघर गप्प. त्यांनी डाव खाली ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पुढं कितीतरी दिवस मला बघितलं की त्या स्वतःच "प्पाल्ली हे!" म्हणायच्या.

२०१४ साली ईस्टर २० एप्रिलला होता. त्याआधीच्या बुधवारी सकाळी आम्ही चर्चमध्ये वाटायच्या अंड्यांचं ठरवत होतो. तिथं ईस्टरला उकडलेली अंडी रंगवून देतात. टीव्ही चालू होता. जेजू बेटाला निघालेली सेवॉल नावाची बोट कलंडली होती, आणि तिच्यावर आन्सानच्याच दानवॉन हायस्कूलची मुलं होती, सहलीला निघालेली. थोड्या वेळानं पट्टी आली की सगळ्या विद्यार्थ्यांना वाचवलं. ग्वॉन्सा-निमनी टाळी वाजवली आणि तांदूळ धुवायला घेतले. त्यांच्याच इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी त्या बोटीवर होती.

ती बातमी चुकीची होती. ३०४ माणसं गेली, त्यांतली २५० त्या एका शाळेची मुलं. मला टीव्हीवरचं फारसं कळत नव्हतं. मी फक्त बायकांचे चेहरे पाहत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाळक उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून "जुयो" निघेना. आम्ही तसेच बसून राहिलो. अंडी शनिवारी उकडली तरी रविवारी ती कुणी रंगवली नाहीत. टोपलीत पांढरीच ठेवली होती, हवी त्यानं घ्यावीत म्हणून.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या एका क्रीडागृहात मुलांचे फोटो मांडले. ग्वॉन्सा-निम मला घेऊन गेल्या. पांढरी शेवंती हातात घेऊन लोक तासन् तास रांगेत उभे. समोर शाळेच्या गणवेशातले चेहरे, ओळीमागून ओळ. शहरभर पिवळ्या फिती बांधलेल्या, त्यांवर लोकांनी काहीबाही लिहिलेलं. सगळ्यात जास्त एकच शब्द, मियान्हे. माफ कर.

पोट दुखतं म्हणणारा तो पोरगा आम्हाला तिथंच भेटला, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत. पाळी संपवून थेट आला होता. त्यानंही फीत लिहिली होती, देवनागरीत. ग्वॉन्सा-निमनी ती चष्मा वर करून पाहिली आणि मला विचारलं, ही तुझी अक्षरं ना, काय लिहिलंय?

"बहिनी, माफ गर."

हिंदी, नेपाळी काही मधे आणावं लागलं नाही. मी म्हणाले, "धाकट्या बहिणीला लिहिलंय. मियान्हे."

लहानाशी बोलायचं म्हणजे बानमलच. या खेपेला चुकलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, फितीची सुटत आलेली गाठ नीट आवळली, आणि त्या पोराला विचारलं, बाप खाल्लास का? नाही म्हणाला. मग आम्ही तिघं चालत चर्चवर आलो. सकाळचं सूप शिल्लक होतं, तेच गरम केलं.