तुम्ही विचारलंत म्हणून: तालमीची किल्ली

दंगलीने, युद्धाने किंवा पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैराने दुभंगलेल्या शहरात नाटक बसवून आणि गाणी म्हणून नेमकं काय साधतं? दोन वस्त्यांमधल्या लोकांना घेऊन मी नाटकं बसवते, त्यामुळे प्रयोग संपला की कुणीतरी हे विचारतंच. बहुतेक जण आपुलकीने विचारतात. एकदा मात्र एक गृहस्थ गर्दी पांगेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "माझा भाऊ गेला. तुम्ही नाटक करताय."

त्यांना मी त्या दिवशी काही बोलू शकले नाही. आज आधी त्यांनाच उत्तर द्यायला हवं. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, जळालेलं घर पुन्हा उभं राहावं, बेपत्ता माणसाचं काय झालं ते त्याच्या घरच्यांना कळावं, हे नाटकाने होत नाही. ते कोर्टाने आणि सरकारने करायचं असतं. ते झालेलं नसताना "झालं गेलं विसरा, एकत्र गाऊ या" असं म्हणणं म्हणजे ज्याचं गेलं त्याच्या जखमेवर मीठ चोळणं आहे. एका संध्याकाळचे एकतेचे कार्यक्रम मला म्हणूनच सहन होत नाहीत. दोन्हीकडची मुलं रंगीत कपड्यांत हात धरून उभी राहतात, फोटो निघतात आणि मुलं आपापल्या बसने आपापल्या बाजूला परत जातात.

माझा भरवसा तालमीवर आहे.

दुभंगलेल्या शहरात माणसं एक गोष्ट फार सफाईने शिकतात, ती म्हणजे टाळणं. कुठला रस्ता घ्यायचा, कुठल्या स्टॉपवर उतरायचं, कुणाला आपलं आडनाव सांगायचं नाही, हे सगळं अंगात मुरतं. तालमीत टाळता येत नाही. माझं वाक्य तुमच्या वाक्याच्या शेपटाला बांधलेलं असतं. तुम्ही शेवटचा शब्द गिळलात तर मी अडकले, तुमची एंट्री चुकली तर माझा अख्खा प्रवेश पडला. दोन-तीन महिने रोज संध्याकाळी एका माणसाच्या शब्दाकडे कान लावून बसल्यावर तो आवडायलाच लागतो असं नाही. पण तो 'त्यांच्यातला एक' राहत नाही. तो उशिरा येणारा, पाठांतर पक्कं असलेला किंवा टाळीसाठी थांबणारा असा एक माणूस होतो.

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचं एक उदाहरण मी नेहमी देते. 1998 मध्ये तिथे शांतता करार झाला, पण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती जागच्या हलल्या नाहीत. पुढच्याच वर्षी दोन्हीकडच्या हौशी मंडळींनी मिळून कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्नाचं एक नाटक केलं. मार्टिन लिंच आणि मारी जोन्स हे त्याचे लेखक. त्याला थिएटर नव्हतं. प्रेक्षकांना बसमध्ये बसवून पूर्व बेलफास्टच्या वस्तीतल्या खऱ्याखुऱ्या घरांत नेलं जाई. एका घरात वधूकडची धांदल, दुसऱ्या घरात वराकडची, मग चर्च आणि शेवटी स्वागत समारंभ. खोल्या लहान असल्याने प्रेक्षकांचे छोटे छोटे गट करावे लागत. ज्या गल्लीत आयुष्यात पाऊल टाकलं नसतं, तिथल्या घराच्या जिन्यावर माणसं दाटीवाटीने उभी राहत आणि आतल्या खोलीतला 'ते लोक आपल्याला काय म्हणतील' हा वाद ऐकत. तोच वाद दुसऱ्या घरातही. भिंत पाडायची ताकद त्या मंडळींकडे नव्हती. त्यांनी प्रेक्षकांना भिंतीपलीकडच्या बैठकीच्या खोलीत नेऊन उभं केलं.

सायप्रसची राजधानी निकोसिया 1974 पासून दोन तुकड्यांत आहे. ग्रीक आणि तुर्की सायप्रियट लोकांना एकमेकांकडे मोकळेपणाने ये-जा करण्याची मुभा 2003 च्या एप्रिलमध्ये मिळाली. दोन्ही समाजांचं एकत्र गायकवृंद मात्र 1997 मध्येच सुरू झालं होतं. बेटावरच्या कितीतरी लोकगीतांची चाल एकच, शब्द तेवढे ग्रीक किंवा तुर्की. दोघेही म्हणणार, हे आमचं गाणं. समूहात गाताना शेजारच्याचा श्वास ऐकून आपला घ्यावा लागतो, त्याच्या सुरात आपला मिळवावा लागतो. मोठ्याने गाऊन जिंकता येत नाही. भाषणातून हे शिकवायला गेलं तर माणसं जांभया देतील.

बोस्नियातल्या मोस्तारमध्ये तर शाळाही विभागलेल्या आहेत, दोन समाजांची मुलं वेगवेगळा अभ्यासक्रम शिकतात. तिथे 2012 पासून एक रॉक म्युझिकची शाळा चालते आणि तिच्यातले बँड दोन्हीकडच्या मुलांचे मिळून होतात. ड्रम वाजवणाऱ्याला बेस वाजवणारा लागतोच.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीच्या एका नाटकात मी दोन्ही बाजूंना अगदी समसमान भलं दाखवलं होतं. कुणाच्या तोंडी शिवी नाही, कुणाच्या हातात दगड नाही. पहिल्या वाचनालाच एक मुलगा उठून म्हणाला, "यात आमच्या गल्लीत त्या रात्री काय झालं ते नाहीये." समोरच्या रांगेतून लगेच आवाज आला, "आमच्याही." त्या दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट. मी संहिता बाजूला ठेवली आणि त्यांना बोलू दिलं. पुढचे चार दिवस फार वाईट गेले. एक मुलगी रडत निघून गेली आणि परत आली नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी एक नियम केला. स्वतःची गोष्ट सांगणाऱ्याने ती कधीही मागे घ्यावी, अगदी रंगीत तालमीच्या दिवशीसुद्धा. आणि दुसऱ्याचं दुःख त्याच्या परवानगीशिवाय कुणी वठवायचं नाही. उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरात 2009 पासून काही वर्षं माजी बंडखोर, पोलीस आणि जिवलग गमावलेले लोक एकाच रंगमंचावर आपापलं आयुष्य स्वतः सांगत होते. त्या नाटकांच्या संहिता त्यांच्याशी दीर्घकाळ बोलून घडवल्या जात. हे काम घाईचं नाही. पैसे देणाऱ्या संस्था तीन महिन्यांत 'परिणाम' मागतात तेव्हा मी भांडते ते याचसाठी.

आमच्या तालमीच्या हॉलला एकच कुलूप होतं. त्याची किल्ली आठवडाभर एका वस्तीतल्या घरी आणि पुढचा आठवडा दुसऱ्या वस्तीतल्या घरी, असं आम्ही ठरवलं. ज्याची हॉल उघडायची पाळी, त्याने किल्ली असेल त्या घरी जाऊन ती आणायची. पहिल्या महिन्यात मुलं जोडीने जात आणि दारातूनच किल्ली घेऊन पळत. एका आईने किल्ली खिडकीतून दिली, दार उघडलं नाही. पुढे दार उघडलं. मग किल्ली मिळायला वेळ लागू लागला, कारण आत बसून बोलणं व्हायचं आणि तालीम उशिरा सुरू व्हायची. त्या उशिराबद्दल मी कुणाला एकदाही रागावले नाही.

शेवटच्या प्रयोगानंतर हॉल सोडायचा होता. किल्ली पलीकडच्या वस्तीत होती. कुणी आणायची हे मी विचारायच्या आत, खिडकीतून किल्ली देणाऱ्या त्याच बाईंचा मुलगा चपला घालत म्हणाला, "मी जातो. काकूंनी तसंही बोलावलंय."